जोडपट्टी

प्रयोगशाळेत एक नियम होता. फिल्मच्या ज्या तावातून गिऱ्हाइकासाठी पट्टी कापायची, त्याच तावातून दुसरी पट्टी कापून कपाटात ठेवायची, पुढेमागे तक्रार आली तर ताडून बघायला. तिला सगळे जोडपट्टी म्हणत. वर्ष उलटलं की ती कातरून टाकायची. हे काम भांडारातल्या नियमकाकांकडे होतं, आणि त्यांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

फिल्म दिसायला साध्या प्लॅस्टिकसारखीच. पण ताणून, जबर व्होल्टेज देऊन तयार केली की तिला वेगळाच गुण यायचा: दाबली की ती किंचित वीज देई, आणि वीज दिली की हले. गादीखाली घातली तर झोपलेल्याचा श्वास तिला कळे. श्वास थांबला तर घंटा वाजे. घरातली थोरली लेक म्हणून जिला इथेही थोरलीच म्हणत, तिने अशा बावीस पट्ट्या स्वतःच्या हाताने केल्या होत्या. एकवीस विकल्या गेल्या, बाविसावी तिने बाबांच्या गादीखाली घातली. दोनदा मरणाच्या दारातून परतलेल्या त्या माणसाला तिसऱ्यांदा जाऊ द्यायचं नाही, हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला तिने बावीस नंबरची जोडपट्टी तपासायला काढली. तारा जोडल्या. पट्टी टेबलावर मोकळी पडली होती, म्हणजे पडद्यावरची रेघ सपाट हवी. रेघ चढली, उतरली, जरा थांबली, पुन्हा चढली.

पंख्याचा वारा असेल म्हणून तिने पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. पट्टी पत्र्याच्या डब्यात घातली आणि डबा वाळूत पुरला. रेघेला काही फरक पडला नाही. सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांतली ती नव्हती. पण दर चौथ्या उतारानंतरचा तो बारीक अडखळा तिच्या ओळखीचा होता. दवाखान्यात बाबांच्या उशाशी बसून तिने तो महिनाभर ऐकला होता.

तिने घरी फोन लावला.

"बाबा, झोपलात का?"

"पडलोय नुसता. कालपासून डाव्या पायाची करंगळी बधिर झालीय, तेवढं डॉक्टरांना विचार."

"विचारते. आधी जरा श्वास रोखून धरा."

"या वयात पोहायला शिकवतेस की काय?"

"धरा हो."

रेघ सपाट झाली.

"सोडा."

रेघ चढली. तिने डबा उघडला, पट्टी बाहेर काढली आणि तिच्या मधोमध बोटाचं टोक हलकेच टेकवलं.

"अगं," बाबा म्हणाले, "छातीवर कोणीतरी हात ठेवल्यासारखं वाटलं."

तिने बोट उचललं. भीती वाटली, पण डोकं थाऱ्यावर होतं. कारण नंतर शोधता येईल. आधी ही पट्टी कोणाच्या हाती लागता कामा नये. तिने तारा सोडवल्या.

दारात नियमकाका उभे होते. हातात कात्री.

"बावीस नंबर इथे आहे होय? वर्ष झालं तिला. द्या."

"ही मिळणार नाही."

"मॅडम, नियम आहे..."

"नियम गेला खड्ड्यात, काका. माझ्याकडून हरवली म्हणून लिहा." मग तिने सावकाश विचारलं, "बाकीच्या?"

"एकवीस मघाशीच कातरल्या. सव्वादहाला बसलो, चहाच्या आत काम फत्ते. कातरायच्या म्हणून सगळ्या बावीसांचे खुणेचे कोपरे तर कालच कापले होते."

पलीकडच्या खोलीत तक्रारींचा फोन वाजत होता. कोणीतरी उचलला, ठेवला. लगेच पुन्हा वाजला.

थोरलीने हात पुढे केला. तिच्या चेहऱ्याकडे बघून काकांनी निमूटपणे कात्री दिली.

मग तिने पट्टी उजेडात धरली. डावीकडचा खालचा कोपरा कापलेला होता. करंगळीच्या नखाएवढा.