दशरथबुवांची डिस्क

हसा खुशाल, पण शेवटपर्यंत ऐका. माझं दहिवलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या मार्गशीर्षात कशेळ्याच्या सोनालीने बोलावलं. तिचे वडील दशरथबुवा जाऊन वर्ष झालं होतं. त्यांची सगळी भजनं तिच्या लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरात एका वेगळ्या जुन्या डिस्कवर होती, आणि ती डिस्क आता काठोकाठ भरली होती. मी मोठी नवी डिस्क घेऊन गेलो. भजनं जुनीवरून नवीवर हलवायची, एवढंच काम.

तिची आई, विमलबाई, दारातच म्हणाली, "जितेश, ह्यांचा आवाज तेवढा जप रं. दुसरीकडं कुठंच नाय तो."

"काळजी नको, मावशी. माझ्या हातचा मळ आहे."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा! नवी डिस्क जोडली की लिनक्स कधीकधी डिस्कांच्या नावांची अदलाबदल करतं. म्हणून नवी डिस्क पुसून तयार करण्याआधी तिची क्षमता बघायची, हे मीच दुसऱ्यांना शिकवतो. त्या दिवशी बघितलं नाही. नवी समजून जुनीच पुसली आणि तिच्यावर कोरं पार्टिशन, म्हणजे नवा रिकामा कप्पा, केलं. चूक कळली ती पडद्यावरचा आकडा बघून. वापरलेली जागा: शून्य. दोन तास धडपडलो, एकही भजन परत मिळालं नाही.

दिवेलागण झाली. विमलबाईंनी देवाजवळ निरांजन लावलं, उदबत्तीचा वास खोलीभर पसरला, आणि त्या रोजच्यासारख्या भजन ऐकायला स्टुलावर येऊन बसल्या.

"लाव रं..."

"मावशी, माझ्या हातून..."

तेवढ्यात स्पीकरमधून टाळ वाजले. मग दशरथबुवांचा आवाज. भरदार, खोलीत उभं राहून गावं तसा. मी कशालाच हात लावला नव्हता. पडद्यावर रिकामं पार्टिशन भरत होतं. एक टक्का... चार... अकरा. लिहिणारा प्रोग्रॅम एकही चालू नव्हता. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीहून मोठं काहीतरी छातीत दाटलं. मी नकळत हात जोडले. विमलबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

परवा सोनालीचा फोन आला. "दादा, त्या डिस्कवर नवी भजनं येतायत. बाबांनी कधीच न गायलेली. आणि कालच्या भजनात साथीला आमच्या शेजारचे चांगोकाका हायेत... मंगळवारीच वारले ते."

मागून विमलबाईंचा आवाज आला. अगदी शांत.

"जितेशला इचार गं... अजून किती जागा हाय तिच्यात?"