दात आलेलं मूल

त्या वर्षी जूनमध्ये पहिलीचा वर्ग भरला नाही आणि त्याचं कुणाला नवलही वाटलं नाही. जगातलं शेवटचं मूल जन्माला येऊन सात वर्षं होत आली होती. आधी वाटलं, कुठल्याशा देशाचं पाणी बिघडलं असेल. मग सगळ्याच देशांतले पाळणे रिकामे राहिले. शास्त्रज्ञांनी डोकेफोड केली, देवांना नवस झाले, भोंदूबाबांनी हात धुऊन घेतले, आणि शेवटी माणसं नाइलाजाला सरावली.

गंगाखेडच्या वैजनाथ सोनटक्केला हे सगळ्यांच्या आधी कळलं होतं, कारण तो शाळेचे गणवेश शिवायचा. त्याचा धंदा लहान मापाकडून संपत आला. पण त्याच्या घरात मैना होती, अगदी शेवटच्या खेपेतली, सात वर्षांची. गावातल्या बायका वाट वाकडी करून तिला बघायला यायच्या. ती मैना काल संध्याकाळी मेंदूज्वराने गेली.

सकाळी बर्फपेटीची गाडी घेऊन डॉक्टर हेमांगी टिळेकर दारात आल्या. त्या माणसांच्या डॉक्टर नव्हत्या. जीवाश्म, म्हणजे दगड झालेली हाडं, हा त्यांचा विषय, आणि ‘साक्षीथर’ योजनेचं काम त्यांच्याकडे होतं. माणूस तर संपणार, निदान तो होऊन गेला याची खूण खडकात राहावी, म्हणून गोदावरीच्या मुखापाशी खोल गाळात मेलेल्यांतल्या निवडक माणसांना निजवलं जात होतं.

वैजनाथच्या बायकोने, अनुसयेने, त्यांना पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, “दात न आलेल्या लेकराला पुरत्यात, बाई. दात आले की अग्नी द्यायचा. आमच्यात असंच हाय.”

“मला तिचे दातच हवे आहेत,” टिळेकरबाई म्हणाल्या, आणि असं तोंडावर बोलून गेल्याचं त्यांनाच वाईट वाटलं.

मग ओट्यावर बसून त्यांनी समजावून सांगितलं. पृथ्वीवर आजवर जेवढ्या जीवजाती होऊन गेल्या, त्यांतल्या शंभरातल्या नव्याण्णव नामशेष झाल्या, आणि बहुतेकींनी मागे नखाएवढी खूण ठेवली नाही. हाड उघड्यावर कुजतं, जनावरं ते फोडतात. ते लवकर बारीक गाळाखाली गेलं आणि वरून गाळ साचतच राहिला, तरच लाखो वर्षांत त्याचा दगड होतो. गोदावरीच्या मुखाशी जमीन हळूहळू खचते आहे, म्हणून ती जागा चांगली. शिवाय तिथला गाळ म्हणजे नदीने इथून वाहून नेलेली आपलीच काळी माती. सगळ्यांत टिकाऊ असतो तो दात. पण चितेच्या आचेत तोही तडकतो.

त्यांनी इस्पितळातला मैनेच्या जबड्याचा एक्स-रे दाखवला. वर दुधाचे दात, त्यांच्याखाली हिरडीत पक्के दात वाट बघत बसलेले.

“म्हंजे वाढत्या अंगाचं शिवलंया,” वैजनाथ म्हणाला. पोरीच्या प्रत्येक झग्याला तो आत चार बोटं कापड दुमडून ठेवायचा.

बाईंना ते इतकं पटलं की त्यांचे डोळे भरून आले. असा जबडा बघणाऱ्याला कळेल, त्या म्हणाल्या, की या प्राण्याचं पिलू वर्षानुवर्षं अपुरं असायचं. म्हणजे कुणीतरी त्याला भरवत होतं, सांभाळत होतं. मोठ्या माणसाच्या हाडांत हे इतकं लख्ख दिसत नाही. आणि पाचेक वर्षांनी जगात कुणाच्याच तोंडात दुधाचा दात उरणार नाही.

“पर बघणार कोण?”

“बहुधा कुणीच नाही,” बाई म्हणाल्या. खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर येई. उत्क्रांतीला काही माणूस घडवायची ओढ नसते. डायनोसॉर सोळा कोटी वर्षं नांदले, पण हाडं उकरून त्यांचा अर्थ लावणारा त्यांच्यात निपजला नाही. पुन्हा कुणी निपजेल अशी आशा धरायची, एवढंच.

 वैजनाथ आत जाऊन बायकोशी बोलून आला. आपण लेकराला भरवलं होतं हे कुठंतरी राहील, या एका गोष्टीवर अनुसया कशीबशी कबूल झाली. मैनेला बर्फपेटीत निजवलं आणि गाडीबरोबरची माणसं पेटी उचलायला पुढे आली.

तेवढ्यात वैजनाथने सहज विचारावं तसं विचारलं, की दातात अजून काय दिसतं. बाईंनी इथे गप्प बसायला हवं होतं. पण जन्मभराची विद्या. कुणी आस्थेने विचारलं की जिभेला लगाम राहत नाही. दात खोडासारखा थर चढवत वाढतो, त्या सांगू लागल्या. जन्माच्या धक्क्याची एक रेघ त्यात उमटते. मोठा ताप आला, उपासमार झाली, की आणखी एक.

“तिसऱ्या वर्षी टायफॉइड झालता.”

“मग तो आहे त्यात.”

“आन् चांगले दिवस?”

बाईंनी खाली बघितलं. “चांगल्या दिवशी दात नुसता वाढतो, वैजनाथराव. त्याला रेघ नसते. खडकाचंही तसंच आहे. डायनोसॉर संपले त्याची बोटभर पट्टी सापडते. त्याआधी ते सुखाने चरले, पिलं वाढवली, त्याचा सगळा एकसारखा दगड.”

वैजनाथने पेटीवर हात ठेवला. “म्हंजे माझी पोरगी हसत होती ते जाणार, आन् तिचं दुखणं तेवढं ऱ्हाणार. कोटी वर्षं.”

“हो.”

“मग नको,” तो म्हणाला. “मला ते न्हाई सोसायचं.”

बाईंनी हात जोडले, विनवण्या केल्या, पण तो हटला नाही. दुपारी नदीकाठी त्याने मैनेला अग्नी दिला. बाई गेल्या नाहीत, बाजूला उभ्या राहिल्या. ज्वाळा चांगल्या धरल्यावर त्याचं मन थोडं निवळलं आणि त्याने विचारलं, आजवर अशी किती लेकरं मिळाली.

“एकही नाही. दुसऱ्या देशांतल्या थरांतही नाही. कुठलेच आईबाप देत नाहीत. तुम्ही पहिले हो म्हणालात.”

“मग उद्या कुणी बघितलंच, तर त्याला काय वाटंल?”

“की हा प्राणी एकटाच जगायचा. याने कधी मूल वाढवल्याचा पुरावा नाही.”

वैजनाथ चितेकडे वळला. जवळ जाववत नव्हतं इतकी आच होती. ज्या सुखाची रेघ उमटत नाही म्हणून त्याने पोरीला अग्नी दिला, ते सुख माणसाला कधी लाभलं होतं याची एकुलती एक साक्ष त्याच्यासमोर तडतडत जळत होती, आणि चिता विझवायला आता फार उशीर झाला होता.