जिभेची साक्ष

प्रयोगशाळेतल्या खुर्चीवरून कुमुद ढवळीकर हाताचा आधार न घेता उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या.

"बघितलंत? दोन वर्षांपूर्वी केस विंचरायला हात वर जात नव्हता. खांदे, कंबर, सगळं आखडलेलं. आणि आज?"

"पण तुमचा मात्रापाल वेगळंच सांगतो," डॉ. नाडगौडा म्हणाले.

मात्रापाल म्हणजे कुमुदताईंच्या दंडात बसवलेलं बोटभर यंत्र. रोजचं स्टेरॉइड तेच सोडायचं आणि महिन्याला एकेक मिलिग्रॅम कमी करायचं. ते एकदम बंद करून चालत नाही. आयतं मिळतंय म्हटल्यावर शरीरातली ग्रंथी झोपा काढते, तिला हळूहळूच उठवावं लागतं. पंधरावरून पाचपर्यंत कुमुदताई न कुरकुरता उतरल्या. पण गेले सहा महिने, म्हणजे लेक घरी राहायला आल्यापासून, गाडं अडलं होतं. मात्रा चारावर आली की आठवड्यात यंत्र ती पुन्हा पाच करायचं. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होत चाललेली. आणि आज नाडगौडा ती मात्रा जन्मभरासाठी कुलूपबंद करणार होते.

"रक्त काय म्हणतं?"

"रक्तात दाह नाही. पण यंत्राला साक्षीदार दोन, रक्त आणि जीभ. कित्येकांचं रक्त स्वच्छ असतं, तरी ते कळवळत असतात. म्हणून जिभेची साक्ष वरचढ. बोलणं आम्ही साठवत नाही. तुमच्या आवाजातले वेदनोद्गार फक्त मोजतो. तुम्ही दिवसाला वीस वेळा कण्हता."

"मी? बाळंतपणात कण्हले नाही मी!"

"तुमच्या पिढीला दुखणं लपवायची सवयच असते."

कुमुदताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझं दुखणं मला कळत नाही, आणि या डबीला कळतं?"

तेवढ्यात दार ढकलून लेक, ऋता, डोकावली. "आई गं, चल ना! किती वेळ!"

दंडात टिंग वाजलं. पडद्यावर अक्षरं उमटली: वेदनोद्गार, आजचा सातवा.

फोनवर या मायलेकींच्या आवाजात सख्खी आत्या फसायची, तिथे यंत्राची काय कथा!

नाडगौडा ओशाळले. "तो शब्दच यादीतून काढून टाकतो."

"काढायचा नाही! खरंच दुखलं तर मीही तोच म्हणणार. हाक कुठली आणि कळ कुठली, ते तुमच्या यंत्राला शिकवा. लेक माझी गप्प बसणार नाही." मग त्या थबकल्या. "कायमचं कुलूप घातलेले किती आहेत तुमच्याकडे?"

"चौदा."

"त्यांत लेकी असलेल्या आया किती?"

नाडगौडांनी यादी उघडली. एकेक नाव वाचताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

"बारा."

कुमुदताईंनी पर्स मांडीवर घेतली आणि त्या खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"ऋता, तूही बस. हे आधी बारा कुलपं उघडणार आहेत."