हँडब्रेकचा आवाज

"धोका काय कुणाला कळत नाही? तुलाही कळतो. तरी मघाशी फाटकातून गाडी आत घेताना फोन कानालाच होता ना रे तुझ्या?" काकांनी पुतण्याला बरोबर पकडलं. वीज गेली होती, पोरं गच्चीवर गोळा झाली होती. "बसा इथे. माझ्या ओळखीच्या एका ड्रायव्हरची गोष्ट सांगतो. खरी आहे. त्याच्याच तोंडून ऐकलेली."

त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण त्याचं तोंड कधी बंद नसायचं. दुधाचा टँकर, रात्रीची फेरी. आधी शेजारी क्लीनर असायचा. मालकाने त्याला काढला आणि रेडिओचं ऐकायला कुणी उरलं नाही. मग तो बायकोला फोन लावायचा. बाई मोठी खमकी. फोन उचलायची, पण हँडब्रेक ओढल्याचा कर्र आवाज येईपर्यंत तोंडातून अक्षर काढायची नाही. आवाज आला की म्हणायची, "हं, बोला." एकदा याने चालत्या गाडीत तोंडानेच कर्र केलं, तर आठवडाभर अबोला धरला तिने.

ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. मूलबाळ नव्हतं. रेडिओ गप्प झाला. तिचा फोन मात्र त्याने बंद केला नाही. झोपायच्या खोलीत तो चार्जरला लावूनच कामाला निघायचा. रात्री गाडी चालवता चालवता तिचा नंबर लावायचा आणि नुसती रिंग ऐकायचा. आता थांबायचं तरी कुणासाठी? रिकाम्या घरात आपल्यामुळे काहीतरी वाजतंय, तेवढीच सोबत. फार एकटा पडला होता रे तो.

मार्च महिना, मंगळवारची रात्र. पावणेतीन वाजले होते. उतार लागला होता, पुढे वळण. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फोन. चार रिंग झाल्या. पाचवी झालीच नाही.

कुणीतरी फोन उचलला.

"हॅलो?"

...

"कोण आहे?"

काहीच नाही. पण लाइन चालू होती. पलीकडे कुणीतरी होतं. वाट बघत होतं.

रेडिओच्या अंगावर काटा आला. ही शांतता त्याच्या ओळखीची होती.

"अगं... तू?"

...

त्याने गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. कर्र.

"हं, बोला."

जन्मभर बडबड केलेला माणूस. एक शब्द फुटेना. नुसता रडला. किती वेळ, कुणास ठाऊक. मग फोन आपोआप बंद झाला.

तो खाली उतरला. तोंडावर वारा घ्यायला बॅटरी घेऊन जरा पुढे चालत गेला. वळणापलीकडे, रस्त्याच्या मधोमध, सळयांनी भरलेला ट्रक बंद पडला होता. दिवे नाहीत. माणूस नाही. सळया मागे हातभर बाहेर आलेल्या... बरोबर टँकरच्या काचेच्या उंचीवर.

"मग?" पुतण्याचा आवाज बारीक झाला होता.

"मग काय. सकाळी घरी आला. दाराला कुलूप जसंच्या तसं. किल्ली याच्या खिशात. झोपायच्या खोलीत चार्जरची वायर नुसतीच लोंबत होती. फोन सापडला स्वयंपाकघराच्या खिडकीत. ती तिथेच उभी राहून बोलायची ना... याने उचलून हातात घेतला."

काकांनी रिकामा तळहात पुढे केला.

"गरम होता रे. आत्ताच कुणी कानावरून खाली ठेवावा, तसा."