जहागीरदारीणबाईंचा करंडा

लिलावाला तासच उरला होता आणि पाम गावच्या जहागीरदारांच्या घराच्या मागल्या पायरीवर मासेवाली लाडकी ऊर बडवत बसली होती.

"मी नाय घेतला, दादा! देवाशप्पत नाय!"

दिनानाथ चुरी तिच्यापुढे उकिडवे बसले. मागे वामन राऊत उभे. चुरी बोईसरचे खासगी गुप्तहेर, वामनराव त्यांचे सोबती. पण लोक हात जोडायचे ते चुरींनाच, वामनरावांना कोणी पाणीसुद्धा विचारत नसे. बारा वर्षं हे त्यांना सलत होतं. आज चोर आपणच आधी ओळखायचा, असं त्यांनी एसटीतच ठरवलं होतं.

कमलाकांत जहागीरदार घर मोडून पुण्याला चालले होते. झुंबरं, तैलचित्रं, नक्षीचे पेटारे, सगळं विकायला काढलेलं. मुंबईहून लिलाववाले आले होते, पुढच्या अंगणात मांडव पडला होता. सगळ्यांचा डोळा कमलाकांतांच्या दिवंगत आईच्या चांदीच्या कुंकवाच्या करंड्यावर होता. सकाळी दहाला तो दिवाणखान्यातल्या टेबलावर होता, अकराला गायब! मधल्या तासात घिवली गावची लाडकी म्हावरं घेऊन आली होती. झालं! कमलाकांतांनी भर मांडवात तिला चोर ठरवलं आणि पोलिसांकडे माणूस धाडला. लिलाववाल्यांनी घाईघाईने चुरींना बोलावून घेतलं.

"दिवाणखान्यात गेली होतीस?" चुरींनी विचारलं.

"गेलेली ना. झुंबर बगाया. हात म्हावऱ्याचे, कशाला बोट नाय लावलं." लाडकीने डोळे पुसले. "पोलिसांनी नेलं तर बोईसरात कोन मला दारात उबी करंल, दादा?"

दिवाणखान्यातल्या टेबलावर पांढरीशुभ्र चादर होती. करंडा होता तिथे फक्त गोल ठसा. चुरींनी चादर हुंगली, मग खाली वाकून फरशी पाहिली.

"करंडा रिकामा होता?"

"छे हो," कमलाकांत म्हणाले. "काठोकाठ कुंकू. झाकणही सैल. लिलाववाले रिकामा करा म्हणत होते, पण आईचं कुंकू ओतायला कोणाचा हात होईना."

मग कमलाकांतांची बहीण चंद्रकांता आली. दादरहून मुद्दाम आलेली, कपाळावर मखमली टिकली.

"तो करंडा मीच घेणार होते. कितीही बोली चढू दे! मी माहेराहून निघाले की आई दर वेळी त्यातलंच कुंकू लावायची. हळदीपासून घरी केलेलं, काळसर. बाजारचं पिंजर तिला चालायचं नाही. ती गेल्यावर आम्ही त्यातल्या कुंकवाला हातही लावला नाही."

ती जाताच वामनराव चुरींच्या कानाशी लागले. "हीच! एवढा जीव अडकलाय करंड्यात!"

"उघडपणे मिळणारी वस्तू ती कशाला चोरेल, वामनराव?"

वामनरावांचा चेहरा पडला. या माणसाचं एकदा तरी चुकावं, असं त्यांना मनापासून वाटलं.

कमलाकांतांची बायको वत्सला देवघरात वाती वळत होती. कपाळावर ठसठशीत, जवळजवळ तपकिरी कुंकू. समोर छोटी कोयरी, तिच्यात लालभडक पिंजर.

"ही कोयरी तुमची?" चुरींनी विचारलं.

"हो. लग्नापासून हीच."

"लाडकीने करंडा घेतला असेल?"

"मला काय ठाऊक?" वत्सलाबाई वातीवरून नजर न हलवता म्हणाल्या.

चुरींनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. लाडकी दाराशी उभी राहिली.

"लाडकीचे हात म्हावऱ्याचे, ओले. चादरीवर डाग नाही, वास नाही. सैल झाकणाचा भरलेला करंडा घाईत उचलला असता तर कुंकू सांडलं असतं. फरशीवर चिमूटभरही नाही. म्हणजे कोणीतरी सावकाश, दोन्ही हातांत धरून नेला. घरात फिरताना जिला कोणी हटकणार नाही, अशा बाईने. आता कपाळं बघा. चंद्रकांताबाईंना टिकली आहे. वत्सलाबाईंच्या कोयरीत लालभडक पिंजर, कपाळावर मात्र काळसर कुंकू. ते या घरात एकाच ठिकाणी होतं."

कमलाकांत ओरडले, "वत्सला!"

वत्सलाबाई आत गेल्या. साड्यांच्या घडीखालून करंडा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"एकवीस वर्षं," त्या म्हणाल्या. "ही चार दिवस यायची, निघाली की सासूबाई करंडा उघडायच्या. मी शेजारी पाणी घेऊन उभी. एकदा म्हटलं, मलाही लावा. तर म्हणाल्या, निघणारीला लावतात, तू कुठे निघालीस? मी कधी निघालेच नाही, म्हणून मला नाही! आणि आज तोही हिच्याच हाती जाणार? जळले मी. हो, जळले! आज मीही या घरातून निघालेय, म्हणून हाताने लावून घेतलं."

वामनरावांनी मान खाली घातली. त्यांना आपलीच बारा वर्षं आठवली आणि स्वतःची लाज वाटली.

"पण लाडकीला चोर म्हटलं, तेव्हा तुम्ही गप्प राहिलात," चुरी म्हणाले.

कमलाकांतांनी घाम पुसला. "घरातली गोष्ट घरात मिटली. पोलिसांना मी परत पाठवतो. लाडके, जा तू आता."

लाडकी दारातून हलली नाही.

"चोर बोललात मांडवात, आनि सोडता खोलीत? आसं नाय चालनार, शेट. मला रोज त्याच लोकांच्या दारी जायचं हाय."

"अगं, पण शंभर माणसं आहेत बाहेर!"

"तवाबी शंबरच व्हती."

कमलाकांत पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात वत्सलाबाई बाहेर मांडवात गेल्या. मांडवातली कुजबूज थांबली. लिलाववाल्याने बाजूला सरून त्यांना जागा दिली.

"करंडा मी घेतला होता," त्या म्हणाल्या. "लाडकीने नाही."

मांडवाच्या पार टोकाला जाऊन लाडकी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हिकडं आयकू नाय आलं, बाई. जोरात बोला."

वत्सलाबाईंनी पदर सारखा केला आणि सगळं पहिल्यापासून, मोठ्याने सांगितलं.