चार बोटांची मूठ

शेफील्डमधल्या डेस्मंडच्या हत्यारं दुरुस्तीच्या दुकानात हेझल शिरली ती निव्वळ पाऊस चुकवायला. पण योगायोगानं पिशवीत तिच्या आजोबांचा लोखंडी रंधा होता, आणि त्याची लाकडी मूठ मोडून गेली होती. पाऊस थांबला, तरी ती थांबली.

"नवी मूठ बसेल?"

"बसेल. हात दाखवा."

"भविष्यही सांगता?"

"मूठ हातावर बेततात, लाडके."

शेफील्डात बसचा ड्रायव्हर मिशाळ खाटकालाही 'लाडक्या' म्हणतो. त्यामुळे इथं कुणी खरोखर प्रेमात पडलाच, तर त्याची शब्दावाचून पंचाईत होते. डेस्मंडची तिथंच झाली.

त्यानं तिचा पंजा कागदावर ठेवला आणि भोवती पेन्सिल फिरवू लागला. करंगळीपाशी पोचेपर्यंत शेजारच्या टेबलावर काम करणारा म्हातारा कारागीर सिरिल दोनदा खोकला.

"इतकं हळू?"

"माप आहे... घाई करून चालत नाही."

"शनिवारी व्हिटबीला चाललेय मी. बोटींच्या कारखान्यात सुतारकाम मिळालंय. त्याआधी हवी."

पेन्सिलचं टोक मोडलं.

म्हणजे मूठ झाली की ही जाणार – आणि परत यायचं काही कारणच नाही! काम लांबवावं, हा विचार डेस्मंडनं एक अख्खा कप चहा संपेपर्यंत केला. मग कपाबरोबर तोही धुऊन टाकला आणि सफरचंदाचं जुनं लाकूड काढलं.

शुक्रवारी हेझलनं मूठ हातात घेतली. चारही बोटं अलगद मावली. सिरिल मात्र चष्मा पुसून बघायला आला.

"चार बोटांची? अरे, तीन बोटं मुठीत, अन् पहिलं बोट बाहेर, पुढं रोखलेलं! शाळेतलं पोरही सांगेल. बघ, इतकी उंच झालीय की ती रंध्यावर आवळणारा आतला बोल्टसुद्धा पुरायचा नाही. पाळण्यात असल्यापासून मुठी घडवतोस ना रे तू?"

डेस्मंडचे कान तापलेल्या कानशीसारखे लाल झाले.

"मुद्दाम केलंत?" हेझलनं डोळे बारीक केले. "मला अडकवून ठेवायला?"

"छे हो! मुद्दाम केली असती तर... बरी केली असती. हात बघत बसलो – अन् रंधा विसरलो."

सिरिलला एकाएकी तंबाखू आणायची आठवण झाली.

दुसरी मूठ डेस्मंडनं तिच्यासमोरच घडवली. प्रत्येक घासणीनंतर ती धरून बघायची. "इथं टोचतंय" म्हणायची. जिथं टोचत नव्हतं तिथंही म्हणायची. शेवटी रंधा फळीवरून सरसर गेला आणि केसाच्या बटेसारखा लाकडाचा छिलका तिच्या मनगटावर पडला.

"बसली!"

"फारच छान बसली," डेस्मंड म्हणाला, कुणी गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात.

"मग तोंड का असं?"

"तुम्ही पुन्हा कशाला याल आता..."

हेझलनं रंधा पिशवीत ठेवला. दारापर्यंत गेली. वळली.

"मीच यायचं, असं कुठं लिहिलंय? रविवारी तू ये. व्हिटबीला समुद्र आहे, तळलेले मासे आहेत, मी आहे."

"याच क्रमानं?"

"क्रम तू लाव."

तीनदा खुणा केल्याशिवाय करवत न उचलणारा डेस्मंड आयुष्यात प्रथमच मापाबिपाच्या भानगडीत न पडता म्हणाला,

"उलट्या क्रमानं! आणि मासे... भूक लागलीच तर."