शनिवारचा कोड

"हात दाखवा," मी म्हणाले, आणि त्यानं दाखवला.

हे कुणाला सांगितलं की वाटतं, मी त्याचं भविष्य बघत होते. छे! तमिळनाडूतल्या तिरुचेंगोड्यात आमच्या अप्पांचं जुन्या पोकलेनचं यार्ड आहे आणि मशीनच्या पडद्यावर बिघाडाचा जो कोड उमटतो, त्याचा माग काढणं हे माझं काम. या माणसाच्या फोनची बॅटरी संपली होती, जवळ कागद नव्हता, म्हणून त्यानं कोड बॉलपेननं तळहातावर लिहून आणला होता. घामानं शेवटचा आकडा फिसकटलेला. तो तीन की आठ हे बघायला मी त्याची बोटं धरून हात उजेडाकडे वळवला... आणि मग लक्षात आलं, तो आकड्याकडे नाही, माझ्याकडे बघतोय.

"आठ आहे," तो म्हणाला. "पण तुम्ही नीट बघा. मला घाई नाही."

"मला आहे," म्हणत मी हात सोडला. तळव्याची ऊब मात्र बराच वेळ माझ्या बोटांना चिकटून राहिली.

त्याचं नाव मुगिलन. अप्पांकडून नुकतंच एक जुनं मशीन घेऊन गेलेला. गावच्या तळ्यातला गाळ उपसायचं काम त्यानं अंगावर घेतलं होतं आणि तळं भरायच्या आत ते संपवायला हवं होतं. आणि मशीन ऐन सकाळी मान टाकत होतं. इंजिन चालू, पण वेग वाढायचं नाव नाही.

मी मीटर आणि लॅपटॉप घेतला, त्याच्या बाइकमागे स्कूटर काढली. तळ्यावर पोचलो तोवर ऊन चढलं होतं. चावी फिरवली, तर मशीन झकास गुरगुरायला लागलं. पडद्यावर कोड नाही. आत नोंद मात्र होती, की सकाळी वेगाच्या मोटरचा सिग्नल तुटला होता, आता पुन्हा जुळला.

"तुम्हाला बघून बरं वाटलं," मुगिलन म्हणाला.

"कुणाला?"

"मशीनला. तुम्हाला काय वाटलं?"

वायरी हलवून पाहिल्या, मोटर तपासली, कोडची नोंद पुसली आणि निघाले. निघताना त्यानं मुरुक्कूचा, म्हणजे आमच्याकडच्या चकलीचा, डबा पुढे केला. "अम्माच्या हातचं आहे. नाही म्हणालात तर ती मला जेवू घालणार नाही."

पुढच्या शनिवारी तो पुन्हा दारात हजर! तळहातावर तोच कोड. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. दर वेळी मी जायची, दर वेळी मशीन ठणठणीत आणि वर मुरुक्कू. शुक्रवार संध्याकाळपासूनच माझा जीव थाऱ्यावर नसायचा. हातातला पाना कुठे ठेवला ते आठवायचं नाही आणि रस्त्यावर कुणाचीही बाइक वाजली की मान वळायची.

"वेण्णिला," अप्पा एकदा वैतागून म्हणाले, "अशानं बाजारात आपला बोभाटा होईल. आणखी दोन खेपांत बिघाड सापडला नाही, तर मशीन परत घेतो आणि त्याला मोकळं करतो."

मोकळं! बिघाड सापडला तर त्याला यायचं कारण उरणार नाही. नाही सापडला, तर मशीनच राहणार नाही. काहीही झालं तरी जायचं त्यालाच होतं.

या त्राग्यात मी तळ्यावर नको ते बोलून बसले. "खरं सांगा, प्लग तुम्हीच ढिला करता ना?"

त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, तळ्यात पाणी आलं की माझा गावाला दिलेला शब्द बुडाला. तुम्हाला भेटायला मी मशीन बंद पाडीन?" मग दुसरीकडे बघत, हळूच म्हणाला, "भेटायला आलो असतोच... पण मशीन बंद पाडून नाही."

तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत. त्याचं ते शेवटचं वाक्य सारखं कानात घुमत होतं. आणि एका दुपारी अचानक डोक्यात आलं – कोड शनिवारीच का? शुक्रवारी असं होतं तरी काय?

शुक्रवारी संध्याकाळी न बोलावता तळ्यावर गेले. मशीन धुऊन पुसून उभं होतं, चंदन-कुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेली. पुढे लिंबू ठेवलेलं. मुगिलन हात जोडून, डोळे मिटून उभा. आणि त्याची अम्मा केबिनमध्ये चढून, कडुलिंबाच्या डहाळीनं हळदीचं पाणी शिंपडत होती. शिंपडून समाधान होईना, म्हणून शेवटी तिनं तांब्याच उचलला आणि सीटच्या मागे ओतला!

"अम्मा, थांबा!" मी ओरडले.

"ही कोण?" अम्मानं विचारलं.

"मॅडम," मुगिलन पुटपुटला.

"हीच का ती मुरुक्कूवाली?"

त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असणार. मी घाईनं सीटमागचं झाकण उघडलं. वेगाच्या मोटरला हुकूम देणाऱ्या कंट्रोलरच्या प्लगमध्ये पिवळं पाणी साचलेलं, आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. रात्रभर पाणी मुरायचं, सकाळी कोड यायचा आणि मी पोचेपर्यंत उन्हानं सगळं वाळून जायचं. आमच्या यार्डातही शुक्रवारी पूजा होते, तरी मला इतके दिवस सुचलं नव्हतं.

"देवाचं पाणी आहे, बाळ," अम्मा रुसून म्हणाली. "त्यानं कुठे बिघडतं का?"

"देवाचं असलं तरी पाणीच ना, अम्मा?"

पिना घासल्या, प्लग वाळवला, रबर बसवून बंद केला. मुगिलन शेजारी टॉर्च धरून उभा होता.

"म्हणजे आता कोड येणार नाही?"

"नाही."

"कधीच?"

"मी दुरुस्त केलंय," मी ताठ मानेनं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. तो आला नाही. त्याच्या पुढचा शनिवार उजाडला, तरी दुपारपर्यंत फाटक वाजलं नाही. एकच प्लग मी पुन्हा पुन्हा पुसत बसले. चांगलं काम केल्याचा एवढा राग मला कधीच आला नव्हता.

ऊन कललं, आणि बाइक वाजली.

तो समोर येऊन उभा राहिला. तळहात पुढे केला. कोरा होता.

"मशीन?" मी विचारलं.

"पळतंय. तळं होत आलं."

"मग?"

"काल अम्मानं पूजाच केली नाही. तांब्या हातात घेऊन नुसती उभी. म्हणाली, कुठे शिंपडायचं आणि कुठे नाही, मला बाई आता भीती वाटते. जिला कळतं तिलाच घेऊन ये. यापुढे शुक्रवारचा दिवा तिनंच लावायचा."

घरातला शुक्रवारचा दिवा सासू कुणाच्या हाती सोपवते, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

"हे अम्मा म्हणाली," मी कसंबसं म्हटलं. "तुम्ही काय म्हणता?"

तो बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला. मग त्यानं वर बघितलं. "पहिल्या दिवशी म्हणालो होतो ना, घाई नाही... आता आहे."

मी खिशातलं बॉलपेन काढलं. त्याची बोटं धरली, हात उजेडाकडे वळवला आणि तळव्यावर लिहिलं – शुक्रवार.

"घामानं पुसलं तर?"

"तर पुन्हा या," मी म्हणाले. या वेळी हात सोडला नाही.